एका फोटॉनपासून दोन इलेक्ट्रॉन: सिंग्लेट फिशनमध्ये ऊर्जेचा हिशोब कसा जुळतो?

फळा_आणि_खडू यांचा प्रश्न

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रकाशविद्युत परिणाम शिकवताना ‘एक फोटॉन जास्तीत जास्त एकच इलेक्ट्रॉन मोकळा करतो’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. गेल्या आठवड्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीने वर्ग संपल्यावर मला थांबवून विचारले की, पेंटासीन नावाच्या सेंद्रिय पदार्थाच्या सौर घटात शंभर फोटॉनांमागे शंभराहून अधिक इलेक्ट्रॉन मिळाल्याचे तिने वाचले आहे. मग फळ्यावरचे वाक्य चूक आहे का? मी तिला घाईने उत्तर दिले नाही आणि दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

त्यानंतर जे वाचले त्यावरून एवढे समजले की या प्रक्रियेला सिंग्लेट फिशन म्हणतात आणि तीत प्रकाशाने उत्तेजित झालेला एक रेणू आपली ऊर्जा शेजारच्या रेणूशी वाटून घेतो. परंतु दोन गोष्टी मला स्वतःलाच पटवून देता आलेल्या नाहीत. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडत नसेल, तर या वाटणीतून नेमका फायदा कोणाचा आणि कशात होतो? शिवाय सिंग्लेट अवस्थेतून ट्रिप्लेट अवस्थेत जाण्यास स्पिनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगभूत कोनीय संवेगाचा, नियम आडवा येतो असे आपण शिकतो आणि शिकवतो. असे असताना ही प्रक्रिया सेकंदाच्या अब्जांशाहूनही कितीतरी कमी वेळात उरकते, हे कसे? या विषयावर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी विस्ताराने लिहावे, ही विनंती.

स्फटिकजाळी यांचे उत्तर

आपले वाक्य ज्या प्रयोगासंबंधी आहे तेथे ते बरोबरच आहे, त्यामुळे ते पुसण्याची गरज नाही. धातूच्या पृष्ठभागावर पडलेला दृश्य किंवा जंबुपार फोटॉन एका इलेक्ट्रॉनला बाहेर ढकलतो आणि उरलेली ऊर्जा त्या इलेक्ट्रॉनच्या गतीत जाते. सौर घटात मात्र ही उरलेली ऊर्जा गतीच्या रूपात टिकत नाही, आणि सिंग्लेट फिशनचे सगळे महत्त्व या एका गोष्टीतून निर्माण होते.

सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर, म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. हिरव्या प्रकाशाचा फोटॉन साधारण २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन येतो. सिलिकॉन तो शोषून एक इलेक्ट्रॉन आणि एक होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धनभारित रिकामी जागा) अशी जोडी तयार करते. पण या जोडीजवळची जास्तीची १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा काही पिकोसेकंदांतच (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा हजारावा भाग) स्फटिकाच्या कंपनांत विरून जाते आणि घट तेवढा तापतो. एखाद्या खिडकीवर तिकीट पन्नास रुपयांना मिळते आणि सुटे परत देण्याची सोय नाही, अशी कल्पना करा. शंभराची नोट दिली तरी तिकीट एकच मिळणार. तीच नोट खिडकीपाशी पोहोचण्यापूर्वी कोणी पन्नासाच्या दोन नोटांत मोडून दिली, तर तेवढ्याच पैशांत दोन तिकिटे येतात. रुपये वाढलेले नसतात, फक्त वाया जाणारे वाचलेले असतात. सिंग्लेट फिशन हे नोट मोडण्याचे काम करते. वाहकांची संख्या दुप्पट होते आणि प्रत्येकाजवळची ऊर्जा निम्मी होते, त्यामुळे ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला कोठेही धक्का लागत नाही.

शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये केलेल्या गणितावरून एकाच ऊर्जा-अंतराच्या आदर्श सौर घटाची कार्यक्षमता साधारण एक-तृतीयांशाच्या पुढे जाऊ शकत नाही. यातील मोठा तोटा दोन ठिकाणी होतो: कमी ऊर्जेचे फोटॉन शोषलेच जात नाहीत आणि जास्त ऊर्जेच्या फोटॉनांचे जादा धन उष्णतेत जाते. दुसरा तोटा फोटॉन मोडून कमी केला, तर ही सैद्धांतिक मर्यादा सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत वर सरकते. प्रयोगशाळांनी या विषयात इतकी वर्षे घालवली आहेत ती या फरकासाठी.

आता स्पिनकडे वळू. सेंद्रिय स्फटिकात रेणू एकमेकांना सैलपणे धरून असतात, आणि विद्युतभारांमधील आकर्षण झाकून टाकण्याची अशा पदार्थाची क्षमता कमी असते. त्यामुळे प्रकाश शोषल्यावर इलेक्ट्रॉन आणि होल मोकळे सुटत नाहीत. ते एकाच रेणूवर किंवा शेजारच्या एकदोन रेणूंवर जोडीने राहतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. उत्तेजित रेणूत दोन इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या कक्षकांत एकेकटे असतात. त्यांचे स्पिन एकमेकांना रद्द करत असतील, तर एकूण स्पिन शून्य आणि अवस्था सिंग्लेट. त्यांची बेरीज होत असेल, तर एकूण स्पिन १ आणि अवस्था ट्रिप्लेट. ट्रिप्लेटमधील दोन इलेक्ट्रॉन पाउलीच्या नियमामुळे एकमेकांपासून अधिक दूर राहतात, त्यांच्यातील प्रतिकर्षण कमी भरते आणि म्हणून ट्रिप्लेटची ऊर्जा सिंग्लेटपेक्षा कमी असते. टेट्रासीन, पेंटासीन यांसारख्या ओळीने जोडलेल्या बेंझिन-वलयांच्या रेणूंत ते दोन्ही कक्षक रेणूच्या एकाच भागात पसरलेले असल्यामुळे हा फरक इतका मोठा होतो की ट्रिप्लेटची ऊर्जा सिंग्लेटच्या जवळजवळ निम्म्यावर येते. पेंटासीनच्या स्फटिकात सिंग्लेटची ऊर्जा सुमारे १.८३ आणि ट्रिप्लेटची सुमारे ०.८६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. दोन ट्रिप्लेट मिळून १.७२ होतात, म्हणजे नोट मोडूनही थोडे शिल्लक राहते.

आपण शिकवता तो स्पिनचा नियम एका रेणूतील एका एक्सायटॉनला लागू होतो. सिंग्लेट एक्सायटॉनला एकट्यानेच ट्रिप्लेट व्हायचे असेल, तर एका इलेक्ट्रॉनचे स्पिन उलटावे लागते. ते घडवून आणणारी स्पिन-कक्षा आंतरक्रिया कार्बन आणि हायड्रोजन यांसारख्या हलक्या अणूंत अतिशय दुबळी असते, म्हणून ते संक्रमण सावकाश होते. फिशनमध्ये मात्र एका सिंग्लेटचा एक ट्रिप्लेट होत नसून दोन रेणूंवर मिळून दोन ट्रिप्लेट तयार होतात. स्पिन १ असलेल्या दोन कणांच्या एकूण नऊ जोड्या संभवतात: पाच क्विंटेट (एकूण स्पिन २), तीन ट्रिप्लेट (एकूण स्पिन १) आणि एक सिंग्लेट. या शेवटच्या जोडीचे एकूण स्पिन शून्य असते. सुरुवातीच्या एक्सायटॉनचे स्पिनही शून्यच होते, त्यामुळे कोणतेही स्पिन उलटावे लागत नाही आणि नियम मोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पेंटासीनमध्ये हे विभाजन सुमारे ८० फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) होते. रेणूला प्रकाश उत्सर्जित करून मूळ अवस्थेत परतायला काही नॅनोसेकंद लागतात. म्हणजे त्याला प्रकाश परत फेकण्याची संधी मिळण्याच्या कितीतरी आधीच वाटणी पूर्ण झालेली असते.

विद्यार्थिनीला सांगताना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी. दुसरा रेणू येथे केवळ साक्षीदार नसतो. विरळ द्रावणात एकेकटा पडलेला पेंटासीनचा रेणू ही वाटणी करू शकत नाही, कारण दुसरा ट्रिप्लेट ठेवायला त्याच्याजवळ जागाच नसते.

फळा_आणि_खडू यांचा पुढचा प्रश्न

मनःपूर्वक आभार. नोटेचे उदाहरण मी वर्गात वापरणार आहे. परंतु टेट्रासीनचे आकडे पाहिल्यावर नवी अडचण उभी राहिली. तेथे सिंग्लेटची ऊर्जा सुमारे २.३२ आणि ट्रिप्लेटची सुमारे १.२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट दिलेली आहे. दोन ट्रिप्लेटांची बेरीज २.५० होते, म्हणजे ०.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट कमी पडतात. सामान्य तापमानाला उष्णतेची ऊर्जा साधारण ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तूट तिच्या सातपट आहे. असे असताना टेट्रासीन हे फिशनचे ठळक उदाहरण कसे? आणि मुळात, मिळालेले ट्रिप्लेट एकाच सिंग्लेटपासून झाले, हे प्रयोगाने कसे ओळखतात?

मंद_प्रतिदीप्ती यांचे उत्तर

मी काही वर्षे अशाच स्फटिकांवर लेझर-स्पंदांचे प्रयोग केले आहेत, म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यातून पहिल्याची वाट सापडते.

ही कल्पना सौर घटांसाठी जन्मलेली नाही. १९६५ मध्ये अँथ्रासीनच्या स्फटिकांवर लेझरचा प्रकाश टाकून केलेल्या प्रयोगांचा अर्थ लावताना ती पहिल्यांदा मांडली गेली. टेट्रासीनचे कोडे वेगळे होते. विरळ द्रावणात टेट्रासीन चांगले चमकते, परंतु त्याचा स्फटिक सामान्य तापमानाला फारच मंद चमकतो आणि थंड केल्यावर त्याची प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेला प्रकाश परत फेकून चमकणे, वाढते. शोषलेला प्रकाश जातो कोठे? १९६८ मध्ये स्वेनबर्ग आणि स्टेसी यांनी सुचवले की सिंग्लेट एक्सायटॉन दोन ट्रिप्लेटांत मोडतात आणि ट्रिप्लेट सहजासहजी चमकत नाहीत. पुढच्याच वर्षी चुंबकीय क्षेत्राच्या प्रयोगांनी या तर्काला बळ दिले.

हे प्रयोग मला आजही या विषयातील सर्वांत देखणे प्रयोग वाटतात. वर सांगितलेल्या नऊ जोड्या एकमेकांत पूर्णपणे वेगळ्या राहत नाहीत. चुंबकीय क्षेत्र नसताना त्यांपैकी तीन अवस्थांत सिंग्लेटचा अंश असतो. क्षेत्र पुरेसे तीव्र केले की तो अंश दोनच अवस्थांत उरतो. फिशनला उपलब्ध असलेली दारे कमी होतात, ती मंदावते, आणि अधिक सिंग्लेट प्रकाश देण्यासाठी शिल्लक राहतात. म्हणजे टेट्रासीनचा स्फटिक तीव्र चुंबकाजवळ नेला की अधिक उजळतो. एकेकट्या रेणूंच्या साध्या प्रतिदीप्तीवर साधारण चुंबकाचा असा परिणाम होत नाही. मेरिफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्तनाचे जे गणित त्या काळात मांडले, त्याच्या आधारे आजही सौर घटातील विद्युतप्रवाह फिशनमधून येतो की नाही हे तपासले जाते: चुंबक लावताच प्रवाह घटला, तर तो ट्रिप्लेटांच्या जोड्यांमधून येत होता असे समजावे.

याखेरीज अतिलघु लेझर-स्पंदांनी स्फटिकाचे शोषण क्षणाक्षणाला मोजले जाते आणि सिंग्लेटच्या खुणा मावळत असतानाच ट्रिप्लेटच्या खुणा उमटताना दिसतात. अलीकडे, २०१७ च्या सुमारास, इलेक्ट्रॉन-स्पिन अनुनादाच्या मापनांत क्विंटेट अवस्थाही स्पष्ट ओळखता आल्या. एकूण स्पिन २ असलेली अवस्था दोन ट्रिप्लेट एकमेकांशी जोडलेले असल्याशिवाय संभवत नाही, म्हणून हा पुरावा मी फार मोलाचा मानतो.

आता टेट्रासीनची तूट. आपण ०.१८ ची ०.०२५ शी तुलना केलीत. ती तुलना एका आरंभीच्या अवस्थेची एका अंतिम अवस्थेशी असती, तर उत्तर निराशाजनकच आले असते. परंतु येथे एक सिंग्लेट नाहीसा होऊन दोन ट्रिप्लेट निर्माण होतात आणि ते स्फटिकात वेगवेगळ्या दिशांना भटकू शकतात. एकाच्या जागी दोन स्वतंत्र कण आले की त्यांना मांडण्याच्या शक्यता कितीतरी पटींनी वाढतात. एन्ट्रॉपीतील ही वाढ ऊर्जेच्या तुटीची भरपाई करते. मीठ पाण्यात विरघळताना पाणी किंचित थंड होते आणि तरीही मीठ विरघळतच राहते, त्या जातीचे हे उदाहरण आहे. तुटीची ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांतून उसनी घेतली जाते. म्हणूनच पेंटासीनमध्ये जे काम ८० फेम्टोसेकंदांत होते, त्याला टेट्रासीनमध्ये कित्येक पिकोसेकंद लागतात. तरीही प्रकाश उत्सर्जनापेक्षा ते वेगवानच ठरते. पहिल्या टप्प्यात बनणारी, एकमेकांना चिकटून असलेली ट्रिप्लेट-जोडी थेट बनते की विद्युतभाराच्या देवाणघेवाणीची अवस्था मध्ये येते, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, आणि वेगवेगळ्या पदार्थांत दोन्ही मार्ग चालू असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

उलट दिशेची प्रक्रियाही विसरू नये. भटकणारे दोन ट्रिप्लेट पुन्हा भेटले, तर एकत्र येऊन एक सिंग्लेट होऊ शकतो आणि तो उशिराने चमकतो. टेट्रासीनमध्ये दिसणारी विलंबित प्रतिदीप्ती यातूनच येते.

छतावरचे_ऊन यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचून समाधान वाटले. मी सौर घटांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ट्रिप्लेट तयार करणे आणि त्यांच्यापासून वीज मिळवणे यांत फार मोठे अंतर आहे.

त्या विद्यार्थिनीने वाचलेला प्रयोग बहुधा २०१३ मधील असावा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील गटाने पेंटासीन आणि फुलरीन (कार्बन-अणूंचे पिंजऱ्यासारखे रेणू) यांचा पातळ घट बनवून ६७० नॅनोमीटर तरंगलांबीला १०९ टक्के बाह्य क्वांटम कार्यक्षमता मोजली. शंभर फोटॉन घटावर पडले आणि १०९ इलेक्ट्रॉन तारेतून बाहेर आले, असा त्याचा अर्थ. येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ हमखास होतो: क्वांटम कार्यक्षमता ही कणांची मोजणी आहे, ऊर्जेची नव्हे. त्या घटात प्रत्येक इलेक्ट्रॉन कमी व्होल्टेजला मिळत होता, त्यामुळे एकूण वीज साध्या सिलिकॉनच्या घटाशी स्पर्धा करण्याजोगी मुळीच नव्हती. प्रवाह आणि व्होल्टेज यांचा गुणाकार पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे वर्गात ठासून सांगावे.

खरा उपयोग फिशन करणारा थर सिलिकॉनवर चढवण्यात आहे. हिरवा-निळा प्रकाश वरच्या थराने शोषून मोडावा, तांबडा आणि अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉनने नेहमीप्रमाणे घ्यावा, ही कल्पना डेक्स्टर यांनी १९७९ मध्येच मांडली होती. पेंटासीन येथे चालत नाही. त्याच्या ट्रिप्लेटची ०.८६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सिलिकॉनच्या १.१ पेक्षा कमी पडते. टेट्रासीनची १.२५ मात्र पुरते आणि थोडी उरतेही. तूट असूनही सर्वांचे लक्ष टेट्रासीनवर का, याचे उत्तर यात आहे.

तरीही कल्पना आणि प्रयोग यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली, कारण अडचण सीमेवर होती. ट्रिप्लेट प्रकाश देत नसल्यामुळे त्याची ऊर्जा दूरवर पाठवता येत नाही. इलेक्ट्रॉनांची प्रत्यक्ष अदलाबदल व्हावी लागते आणि त्यासाठी दोन्ही पदार्थ साधारण एका नॅनोमीटरच्या आत असावे लागतात. उघडे सिलिकॉन ठेवले, तर त्याच्या पृष्ठभागावरील अपुऱ्या बंधांमध्ये आलेले इलेक्ट्रॉन अडकून नष्ट होतात. ते बंध झाकण्यासाठी संरक्षक थर जाड ठेवला, तर ट्रिप्लेट ओलांडू शकत नाहीत. २०१९ मध्ये त्याच संस्थेतील गटाने हाफ्नियम ऑक्सिनायट्राइडचा केवळ ०.८ नॅनोमीटर जाडीचा थर मध्ये ठेवून टेट्रासीनमधील ट्रिप्लेटांची ऊर्जा सिलिकॉनमध्ये उतरवून दाखवली. फिशन आणि ऊर्जास्थानांतर मिळून त्यांनी १३३ टक्के फलित नोंदवले, जेथे कमाल २०० टक्के शक्य आहे. काही अणूंच्या जाडीवर एवढे सगळे अवलंबून असावे, याचे मला आजही नवल वाटते.

दुसरा मार्ग केंब्रिज आणि मॅसॅच्युसेट्स येथील गटांनी २०१४ मध्ये दाखवला. त्यात ट्रिप्लेटांची ऊर्जा शिशाच्या संयुगांपासून बनवलेल्या क्वांटम डॉटना, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक कणांना, दिली जाते. असे डॉट ती अवरक्त फोटॉनांच्या रूपात बाहेर टाकू शकतात, आणि हे फोटॉन साध्या सिलिकॉनच्या घटावर पडू दिले की सीमेवरचा नाजूक थर लागतच नाही. टिकाऊपणाचा प्रश्न मात्र दोन्ही मार्गांत उरतो. टेट्रासीन आणि पेंटासीन दोन्ही ऑक्सिजन आणि प्रकाश एकत्र मिळताच झिजतात. छतावरच्या पॅनेलकडून पंचवीस वर्षांची अपेक्षा असते, आणि त्या मोजमापाला उतरणारा रेणू मिळाल्याशिवाय हे तंत्रज्ञान बाजारात येईल असे मला वाटत नाही.

शब्दकोश_उघडा यांचे मत

एक सूचना. ‘फिशन’ला आपल्याकडे विखंडन म्हणतात आणि तो शब्द ऐकताच मुलांच्या मनात युरेनियम उभे राहते. येथे कोणताही अणू किंवा रेणू फुटत नाही, केवळ उत्तेजनाची ऊर्जा विभागली जाते; म्हणून वर्गात ‘सिंग्लेट विभाजन’ म्हणावे. तसेच हा केवळ प्रयोगशाळेतील पदार्थांचा गुण नाही. काही जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंच्या प्रकाश-संग्राहक प्रथिनांतील कॅरोटिनॉइड रेणूंतही तो आढळला आहे, आणि तेथे लांबट रेणू एकटाच दोन्ही ट्रिप्लेट सामावून घेतो, असे मानले जाते.

स्फटिकजाळी यांचे पुन्हा उत्तर

‘विभाजन’ हा शब्द मला पटला. कॅरोटिनॉइडचा मुद्दाही योग्य आहे, आणि त्यामुळे माझ्या पहिल्या उत्तरातील एक विधान मला नेमके करायला हवे: दुसरी ‘जागा’ लागते, दुसरा सुटा रेणूच लागतो असे नाही. २०१५ च्या सुमारास पेंटासीनची दोन एकके एकाच रेणूत रासायनिक बंधाने जोडून विरळ द्रावणातही विभाजन घडवले गेले, तेही याच कारणाने शक्य झाले.

बारावीच्या वर्गासाठी एक छोटे गणित सुचवतो. नॅफ्थलीन, म्हणजे आपल्या कपाटातली डांबराची गोळी, दोन वलयांची. अँथ्रासीन तीन, टेट्रासीन चार आणि पेंटासीन पाच वलयांचे. सिंग्लेटची ऊर्जा अनुक्रमे साधारण ३.९, ३.१, २.३ आणि १.८, तर ट्रिप्लेटची २.६, १.८, १.२५ आणि ०.८६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरावी. मुलांना प्रत्येकाची तूट काढायला सांगा. ती १.३, ०.५, ०.२ अशी उतरत जाऊन पेंटासीनपाशी जवळपास शून्यावर येईल. वर दिलेले अधिक नेमके आकडे घेतले तर तेथे ०.१ शिल्लकच पडते. त्यानंतर विचारा की यांपैकी कोणत्या रेणूचे ट्रिप्लेट सिलिकॉनला १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट देऊ शकतील. पहिले तिन्ही देऊ शकतात, पण त्यातल्या दोघांना मुळात विभाजनच परवडत नाही. उरते ते टेट्रासीन.